इंग्रजीचा ऑनलाइन वर्ग आणि अहिराणी कान

खानदेशातील धरणगावच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाची इंग्रजी ही माध्यमिक मंडळाच्या वर्गवारीत तृतीय भाषा ठरते, आणि या परिसरातील अनेक घरांचा विचार केला तर ती वर्गवारीही उदारच म्हणावी लागते. कारण घरात अहिराणी ही बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात व दूरचित्रवाणीवर हिंदी अशा तीन पायऱ्या चढून ते मूल इंग्रजीपाशी पोहोचते. भाषाशिक्षणशास्त्रात 'द्वितीय भाषा' ही संज्ञा केवळ क्रमाने दुसऱ्या आलेल्या भाषेला लावली जात नाही. मातृभाषा नसली तरी भोवतालच्या व्यवहारात जी कानावर पडते ती द्वितीय भाषा, आणि जी वर्गाबाहेर भेटतच नाही ती परभाषा, असा भेद तेथे केला जातो. या कसोटीवर मुंबईतील मुलाची इंग्रजी द्वितीय भाषा असू शकेल, धरणगावच्या मुलाची मात्र ती बहुधा परभाषाच राहते, आणि ऑनलाइन पाठ बेतले जातात ते बहुतेक वेळा पहिल्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून.

इंग्रजी या गावाला नवी नाही. 1825 साली ब्रिटिश लष्करी अधिकारी जेम्स आउटरॅमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावात बसले, तेव्हा तरी ती येथे पोहोचलीच होती. परंतु ती कचेरीत राहिली, ओसरीवर आली नाही. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी घरांत इंग्रजीचा प्रवेश घडवला, तो डोळ्यांच्या आणि लेखणीच्या वाटेने. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करीत जाणाऱ्या या पद्धतीला व्याकरण-भाषांतर पद्धती म्हणतात. तिने उत्तम वाचणारे आणि अर्ज लिहिणारे घडवले, बोलणारे क्वचितच. 2000 साली राज्याने पहिलीपासून इंग्रजी सुरू केली, तेव्हा ही उणीव भरून निघेल अशी अपेक्षा होती. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या 2023 च्या अहवालात मात्र देशाच्या पाहणी केलेल्या ग्रामीण जिल्ह्यांतील 14 ते 18 वयोगटातील 57.3 टक्के मुलांनाच इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता आली, आणि त्यांतील जवळपास तीन-चतुर्थांशांनाच अर्थ सांगता आला. त्या पाहणीत मुलांना इंग्रजी बोलता येते का, हे तपासले गेले नव्हते, आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, तेव्हा ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तेथेही पाठ पोहोचला, हे त्या काळाचे मोठे श्रेय होय. तथापि दूरचित्रवाणी बोलते, ऐकत नाही. मोबाइलवरील थेट वर्गात दुतर्फा बोलण्याची सोय असते खरी. परंतु चाळीस मुलांचा गोंगाट टाळण्यासाठी सर्वांचे माइक बंद ठेवण्याची प्रथा पडली आणि ती सोयही श्रवणापुरती उरली. कॅनडातील मेरिल स्वेन या संशोधिकेने 1985 मध्ये फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांविषयी असे दाखवले की, वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून ती मुले उत्तम समजू लागली, पण बोलताना अडखळतच राहिली. यावरून भाषा केवळ आत घेऊन येत नाही, ती तोंडावाटे बाहेर काढावी लागते, हे निर्मितीचे तत्त्व त्यांनी मांडले. माइक बंद असलेल्या वर्गाला हे तत्त्व तंतोतंत लागू पडते.

ध्वनीच्या बाबतीत तर दोष बऱ्याचदा मुलाचा नसून यंत्राचा असतो, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. पारंपरिक दूरध्वनी 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील आवाज वाहून नेतो, तर 'स' आणि 'फ' यांसारख्या घर्षक, म्हणजे हवा घासत बाहेर पडून होणाऱ्या, ध्वनींची बरीच ऊर्जा त्याच्या वर असते. म्हणूनच फोनवर नाव सांगताना 'एस फॉर सुरत' अशी फोड करून सांगावे लागते. नेटची रेंज खालावली की ऑनलाइन पाठातही आवाज असाच चेपला जातो, आणि इंग्रजी 'थिन', 'फिन' व 'सिन' हे तीन शब्द पलीकडच्या कानाला एकच वाटतात. त्यातून इंग्रजी 'थिन'मधला 'थ' हा मराठी 'थ'सारखा जीभ दातांवर आपटून निघत नाही, दातांच्या फटीतून घासत निघतो, हा फरक ऐकून कळणे अशक्य होते. तो ओठ आणि जीभ दाखवूनच शिकवावा लागतो. शिक्षकाच्या चेहऱ्याऐवजी पडद्यावर केवळ सरकचित्रे (स्लाइड्स) ठेवणारा पाठ म्हणूनच उच्चारांसाठी निकामी ठरतो.

अहिराणी ही या शिक्षणातील अडचण समजली जाते, पण ती तशी नाही. 'शाळा'ची 'शाया' आणि 'डोळा'चा 'डोया' करणाऱ्या मुलाला हसणारा शिक्षक एक मोठे साधन गमावतो. लिखित मराठीत 'तो जात आहे' हे रूप असूनही 'तो जातो' हे एकच रूप रोजच्या सवयीला आणि आत्ता चाललेल्या क्रियेला चालून जाते, इंग्रजीत चालत नाही. अहिराणीत मात्र 'तो जास' आणि 'तो जाई राहिना' अशी दोन रूपे मुलाच्या तोंडी आधीच रुळलेली असतात. 'ही गोज' आणि 'ही इज गोइंग' या जोडीचा भेद प्रमाण मराठीतून समजावण्यात जो तास जातो, तो 'जास' आणि 'जाई राहिना' यांच्या आधाराने दहा मिनिटांत उरकावा. कोणत्याही तयार ॲपमध्ये हा पूल सापडणार नाही. तो गावातल्या शिक्षकालाच बांधावा लागेल.

या सर्व विवेचनाचा रोख महाग साधनांकडे नाही. शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांच्या पुढाकाराने 2009 पासून निवृत्त ब्रिटिश शिक्षिका स्काइपवरून भारतीय मुलांशी बोलू लागल्या. त्या प्रयोगात शिकवणे कमी आणि कौतुकाने ऐकणे अधिक होते. खानदेशात तेच काम व्हॉट्सॲपवरचा आवाजी संदेश करू शकतो. थेट वर्गात एकच संधी मिळते आणि ती चुकली की लाज वाटते. आवाजी संदेशात मूल आपले वाक्य चार वेळा पुसून पाचव्या वेळी पाठवते, आणि त्या चार पुसलेल्या प्रयत्नांतच त्याचा खरा सराव होतो. ऑक्टोबरनंतर कापसाच्या वेचणीत घरची मुलेही शेतात असतात आणि ठरावीक वेळेचा वर्ग रिकामा पडतो, तेव्हाही संध्याकाळी बांधावरून असा संदेश पाठवता येतो, कारण ही अध्यापनाची असमकालिक रीत आहे, म्हणजे बोलणारा व ऐकणारा एकाच वेळी हजर असावा लागत नाही.

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने आठवड्याला एक मिनिटाचा संदेश पाठवला, तर तो ऐकायला शिक्षकाला चाळीस मिनिटे लागतात आणि उत्तरादाखल दोन शब्द बोलायला आणखी तेवढीच. शाळेच्या आजच्या वेळापत्रकात या कामासाठी एकही तासिका नेमलेली नाही.