पाणी उद्या कुठे असेल?

कोरमंगल्यात बसून आज आपण बोलणार आहोत ते हाऊसबोट काठाला कुठे लावायची यावर. आपल्यातले बरेच जण सुट्टीत आलेप्पीला जातात. तिथे बोट बांधायचं काम बोटीवरची माणसं करतात. धरणाच्या जलाशयात बहुतेक ठिकाणी धक्का नसतो. बोटीचं पुढचं टोक मातीवर टेकवावं लागतं आणि जागा आपल्यालाच शोधावी लागते.

सैन्यात पाणी ओलांडण्याआधी काठाची रेकी करतात. तीच सवय इथे लावा. पहिला प्रश्न, पाणी उद्या सकाळी कुठे असेल? कोयनेचा शिवसागर घ्या. पावसाळ्यात तो भरतो, मग वीजनिर्मितीसाठी पाणी जात राहतं आणि उन्हाळ्यापर्यंत काठ खाली सरकतो. बामणोलीहून वासोट्याकडे जाणारी लाँच दिवाळीत जिथे लागते, तिथे मे महिन्यात कोरडी जमीन असते. अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर हाऊसबोटी अशाच वाळूवर टेकवतात. २०२३च्या सुरुवातीला तिथलं पाणी पूर्ण पातळीच्या सुमारे १८० फूट खाली होतं.

बोट जड असते. रात्रीत अर्धा फूट पाणी उतरलं तरी ती रुतते, मग इंजिन कितीही ओरडलं तरी हलत नाही. म्हणून संध्याकाळी पाण्याच्या कडेला काठी रोवा आणि झोपण्यापूर्वी बघा. पाणी हटलं असेल तर बोट थोडी मागे घ्या.

दुसरा प्रश्न उताराचा. फार सपाट काठावर बोट लांबच अडते, फार उभ्या काठावर टेकत नाही. मध्यम उतार, खाली वाळू किंवा बारीक खडी, आणि पंख्याखाली भरपूर पाणी, अशी जागा बघा. बांबूने तळ चाचपा. वरून वाळलेल्या गाळावर उडी मारू नका, आत गुडघाभर चिखल असतो.

तिसरा प्रश्न ओढ्याचा. आपल्या कोरमंगल्याचं पाणी बेळ्ळंदूर तळ्यात उतरतं. असं पाणी तळ्यात शिरतं त्या तोंडाशी गाळ साचतो. जलाशयातही ओढ्याचं तोंड आडोशाचं, शांत वाटतं. पण तिथे गाळ असतो, आणि वर डोंगरात पाऊस झाला तर लोंढा येतो. तिथे मुक्काम नको.

वारा फिरला की बोटीची मागची बाजू काठावर आदळते. मागून दोन्ही बाजूंना तिरके दोर काढून काठावर पक्के बांधा.

शेवटचं आणि महत्त्वाचं, स्थानिक नावाड्याला विचारा. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली आहेत. घरांची जोती, विहिरी, शेतांचे बांध कुठे आहेत ते त्यांना घरच्यांकडून कळलेलं असतं, नकाशावर ते दिसत नाही. आणि हे सगळं सूर्य मावळायच्या आत उरका. अंधारात काठ सगळीकडे सारखाच दिसतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.