भूशास्त्रज्ञाचा कॅमेरा



डोंगर, दगड आणि प्रवास यांची छायाचित्रे हा व्याख्यानाचा विषय कसा होतो, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. सिंहगडाची छायाचित्रे आपणा सर्वांच्याच घरी आहेत. पण त्यांत मंडळी मधोमध उभी असतात आणि गड मागे कुठे तरी कोपऱ्यात असतो. भूशास्त्रज्ञाचे याच्या उलट असते. त्याच्या चित्रात डोंगर मुख्य आणि माणूस असलाच तर मापापुरता. जीवाश्माशेजारी तो एखादे नाणे ठेवतो, कारण मापावाचून शंख केवढा आणि शिळा केवढी हे चित्रात कळत नाही.

ज्यांच्याविषयी आज बोलावयाचे ते ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट (१८४३–१९१८) अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातले. यूटा प्रांतात डोंगराच्या पायथ्याशी जमीन फाटून झालेले ताजे उंचवटे त्यांनी पाहिले, आणि १८८३ साली वर्तमानपत्रातून सॉल्ट लेक सिटीच्या लोकांना बजावले, की तुमच्या शहरापाशी असा उंचवटा नाही, म्हणजे तेथे ताण अजून साठतोच आहे. भूकंपाच्या कारणाविषयी विद्वानांतच एकमत नव्हते त्या काळी हे सांगणे धाडसाचे होते.

पुढे १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को हादरले, तेव्हा गिल्बर्ट खाडीपलीकडे बर्कली येथे झोपलेले होते. जाग आली आणि आपल्याला आनंद झाला, असे त्यांनी नंतर प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का ज्यांनी सोसला त्यांना हा आनंद समजणे कठीण. आम्हालाही ते जड जाते. शहराची वाताहत त्यांना त्या क्षणी कळलेली नव्हती, एवढेच म्हणावे.

नंतर कॅमेरा घेऊन ते शहराच्या उत्तरेस भेगेच्या कडेकडेने हिंडले. त्यांचे एक चित्र कुरणाच्या साध्या लाकडी कुंपणाचे आहे. भूकंपापूर्वी सरळ असलेले ते कुंपण मध्येच तुटून ८.५ फूट बाजूला सरकलेले आहे. त्या जागेचे आधीचे चित्र कुणी काढले नव्हते. पण शेतकऱ्याने कुंपण सरळ घातले होते आणि तेवढा पुरावा पुरला. जमीन नुसती हलली नव्हती, आडवी सरकली होती.

दुसऱ्या चित्रात भेगेच्या काठी ॲलिस ईस्टवुड या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई उभ्या आहेत. भूकंपाच्या सकाळी आग पोहोचण्याआधी या बाई मोडक्या जिन्याच्या कठड्यावरून आपल्या संस्थेच्या सहाव्या मजल्यावर चढल्या आणि सुमारे दीड हजार मोलाचे नमुने त्यांनी वाचवले. गिल्बर्टांच्या चित्रात त्या केवळ माप म्हणून उभ्या आहेत!

अशा मोजमापांवरून हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० साली मांडले, की खडक वर्षानुवर्षे वाकत जातो आणि अखेर तुटून झटक्याने सरळ होतो. हेच रीड १८९० साली अलास्कात म्यूर हिमनदी मोजत होते. १८९९ साली हॅरिमन यांच्या मोहिमेबरोबर गिल्बर्ट तेथे गेले, तेव्हा बर्फ कोठवर होते हे ताडून पाहावयास रीड यांचे काम त्यांच्यापुढे होते. पुढे विल्यम फील्ड यांनी १९४१ साली त्या हिमनदीचे चित्र घेतले, आणि ब्रूस मोल्निया यांनी २००४ साली त्याच जागी उभे राहून पुन्हा घेतले. तेवढ्या अवधीत हिमनदीचे तोंड सुमारे १२ किलोमीटर मागे गेले होते व तिची जाडी ८०० मीटरांहून अधिक घटली होती. पहिल्याने आपण कोठे उभे होतो हे लिहून ठेवले नसते, तर दुसरा कोठे उभा राहणार?

पुण्याभोवतीच्या खाणींत लाव्हाचे थर आणि मधला लाल मातीचा पट्टा उघडा पडतो, आणि थोड्याच वर्षांत खाण भरून वर इमारत उभी राहते. मागे जागा, दिशा आणि तारीख लिहिलेले अशा खाणीचे चित्र किती घरांत सापडेल? आम्ही चारचौघांना विचारून पाहिले. लग्नाच्या चित्रांमागे मात्र तारीख होती.

आता दिवे मालवावेत. पडद्यावर पहिले येईल ते कुंपण. जवळच्या खांबांवरून नजर सरळ पुढे न्यावी.