आठवण यंत्रावर सोपवा
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी "कॉम्प्युटरवर काहीतरी बोला" असे सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आणि राज्य सरकारच्या कार्यालयात तेवीस वर्षे नोकरी, एवढीच माझी पुंजी. मी तज्ज्ञ नाही. पण एका बाबतीत मी चांगली ठेच खाल्ली आहे. मागून येणाऱ्याला ती लागू नये म्हणून आज उभा आहे. विषय आहे घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप, आणि तोही आपोआप होणारा.

आमच्या कार्यालयात कुठलेही पत्र बाहेर गेले की त्याची एक प्रत फाइलला लागते. मराठीत तिला स्थळप्रत म्हणतात. ती नसेल तर साहेब विचारतात, "पत्र गेले कशावरून?" रोज दुसऱ्यांच्या कागदांची स्थळप्रत सांभाळणारा मी, माझ्याच घरच्या ठेव्याची स्थळप्रत ठेवली नव्हती.

आमचे काका इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये होते. 1991 साली मिल बंद पडली, पण अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा विषय निघाला की काका पुन्हा तिशीत जायचे. झांकीची बांधणी, लाकडी सांगाडे, रात्र रात्र जागलेले कामगार, असे सगळे फोटो त्यांच्या अल्बममध्ये होते. 2018 च्या उन्हाळ्यात मी ते स्कॅन केले. एकूण 412 फोटो. त्याच वेळी आईला शेजारी बसवले. ती एकेक फोटो पाहून सांगायची, "हा अमक्याचा थोरला, ही माझी मावसनणंद, हे घर रामबागेतले." मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केले आणि कॉम्प्युटरमध्ये टाकले. साडेतीन तासांचे बोलणे होते.

बाहेरची हार्ड डिस्क मी आणलेली होती. दर रविवारी तिच्यावर कॉपी करायची असा नेम केला होता. पहिला रविवार पाळला. दुसऱ्या रविवारी लग्न होते. तिसऱ्या रविवारी निवडणुकीची ड्यूटी. मग डिस्क कपाटात गेली ती तिथेच राहिली.

2020 मध्ये आई गेली. पुढच्याच पावसाळ्यात काकांच्या माळ्यावर पाणी झिरपले आणि अल्बमची पाने एकमेकांना चिकटून बसली. मी म्हटले, "काका, काळजी करू नका, माझ्याकडे सगळे आहे." त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी कॉम्प्युटरमधून टक टक असा आवाज येऊ लागला आणि पडदा काळाच राहिला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. कपाटातली डिस्क काढली. तिच्यावर शेवटची तारीख होती ती त्या पहिल्या रविवारची. म्हणजे स्कॅनिंग सुरू होण्याच्याही आधीची.

चुलतभावाला मी व्हॉट्सअॅपवर काही फोटो पाठवले होते, ते 58 परत मिळाले, तेही लहान आकाराचे. आईचा आवाज मिळाला नाही. काकांना हे सांगायला मला आठ दिवस लागले.

मंडळी, यात दोष ना यंत्राचा, ना कोणा दुकानदाराचा. हार्ड डिस्क कधी ना कधी बिघडणारच. चूक ही की जे काम यंत्र न विसरता करू शकते, ते मी माझ्या आठवणीवर ठेवले.

आता मी काय करतो ते सांगतो. एक टीबीची बाहेरची डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली असते. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' नावाची सोय विंडोज 8 पासून आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. कंट्रोल पॅनल उघडून 'फाइल हिस्टरी'त जायचे, डिस्क निवडायची आणि 'टर्न ऑन' दाबायचे. झाले. त्यानंतर कॉम्प्युटर चालू असताना दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत आपोआप निघते. 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये हा वेळ दहा मिनिटांपासून एका दिवसापर्यंत हवा तसा ठेवता येतो. जुन्या प्रतीही राहतात, त्यामुळे आज चुकून बिघडवलेली फाइल मागच्या महिन्याच्या रूपात परत आणता येते.

पण एक खोच आहे. ही सोय डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओ, डेस्कटॉप अशा ठरावीक जागाच पाहते. आपल्यापैकी बरेच जण फोटो 'डी' ड्राइव्हमध्ये वेगळे फोल्डर करून ठेवतात. ते फोल्डर 'इन्क्लूड इन लायब्ररी' करून जोडले नाही, तर बॅकअप चालू आहे असे वाटत राहील आणि फोटो मात्र बाहेरच राहतील.

घरातली तरुण मंडळी 'टास्क शेड्युलर'मध्ये स्वतःचे काम लावतात. तेही उत्तम. त्यांना तीन गोष्टी सांगतो. रात्री दोनची वेळ लावू नका, तेव्हा घरचा कॉम्प्युटर बंद असतो. वेळ चुकली तर पुढे लवकरात लवकर काम सुरू करावे, अशी खूण सेटिंग्जमध्ये करता येते, ती करा. लॅपटॉप असेल तर 'फक्त विजेवर असतानाच सुरू करा' ही खूण आधीच केलेली असते. बॅटरीवर काम करणाऱ्याचा बॅकअप त्यामुळे कधीच होत नाही. आणि 'रोबोकॉपी'ला 'मिरर' सांगाल तर जपून. मूळ जागी पुसलेली फाइल ती प्रतीतूनही पुसते.

काही जण म्हणतात, आमचे सगळे गूगलवर आहे. फुकटची जागा 15 जीबी, ती भरली की नवे फोटो चढायचे थांबतात. शिवाय तिथे बहुतेक वेळा जोडणी असते, प्रत नव्हे. मोबाइलवरून पुसले की तिकडूनही जाते. तिचा उपयोग जरूर करा, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका.

जोडलेली डिस्कही पुरेशी नाही. 2017 च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभर फाइलींना कुलपे ठोकली. असा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. चोरी झाली तर कॉम्प्युटर आणि डिस्क एकदमच जातात. म्हणून जाणकार सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी दुसरी डिस्क बहिणीच्या घरी असते.

आता ती डिस्क आणायची आठवण कोण ठेवणार? इथे यंत्र कामाचे नाही. मग मी ते संकष्टीला जोडले. आमच्या घरी संकष्टी कोणी विसरत नाही. त्या दिवशी बहीण जेवायला येते, येताना डिस्क आणते. चंद्रोदयाची वाट पाहत असतोच, तेवढ्या वेळात प्रत होते. शिवाय बॅकअपमधली कोणतीही एक फाइल मी उघडून पाहतो. फोटो दिसला, आवाज ऐकू आला, की मगच पान वाढायचे. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे आत डोकावून न पाहिलेली पेटी.

आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. आपल्या घरांत मोडीतले कागद आहेत, वंशावळी आहेत, लग्नपत्रिका आहेत, आजीच्या तोंडची मंगळागौरीची गाणी आहेत. आपल्या या शहरातल्या घराण्यांची नोंद दुसरे कोणी ठेवणार नाही. स्कॅन जरूर करा, पण स्कॅन केले म्हणजे वाचले असे समजू नका.

काका आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. उरलेल्या 58 फोटोंवर मी त्यांना बोलते केले आहे. काही नावे त्यांनाही आठवत नाहीत. आई असती तर तिने सांगितली असती. जे मिळाले ते तीन ठिकाणी आहे.

विसर्जनानंतरच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन मंडळाच्या हॉलमध्ये बसणार आहे. ज्यांना फाइल हिस्टरी लावून हवी असेल त्यांनी आपला लॅपटॉप आणि एक रिकामी डिस्क घेऊन यावे. चहा मंडळाचा.

गणपती बाप्पा मोरया!