औषधदान आणि आरोग्यविम्याचा कायदा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही दानाची चार अंगे जैन कुटुंबातील मुलांनाही पाठशाळेत शिकवली जातात. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त औषधदानाचा दृष्टान्त म्हणून वृषभसेनेचे नाव येते. मुनी-त्यागींना भक्तिपूर्वक दिलेले ते पात्रदान आणि दुःखी जीवाला दयेपोटी दिलेले ते करुणादान, असा भेदही परंपरेने केला आहे. गावोगावच्या जैन संस्थांनी चालवलेले धर्मार्थ दवाखाने या करुणादानाच्या भावनेतून उभे राहिले. दारी आलेल्या रोग्याला जात-धर्म न विचारता औषध मिळते, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु जो दारापर्यंत पोहोचलाच नाही त्याचे काय, हा प्रश्न दानाच्या कक्षेत पूर्णपणे सुटत नाही. हाच प्रश्न कॅनडातील एका माणसाने आयुष्यभर उराशी बाळगला, आणि त्यातून त्या देशाचा सार्वजनिक आरोग्यविम्याचा कायदा घडला. विशेष म्हणजे तो माणूस स्वतः दानामुळेच वाचला होता.

थॉमस डग्लस यांचा जन्म १९०४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. वडील लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात कामगार. लहानपणी पडल्याचे निमित्त होऊन थॉमसच्या उजव्या गुडघ्याला इजा झाली आणि हाडात पू धरणारा जुनाट विकार जडला. पुढे हे कुटुंब कॅनडात विनिपेग शहरी आले. तेथे दुखणे इतके बळावले, की पाय कापण्यावाचून गत्यंतर नाही असे डॉक्टरांनी सांगितले. मोठ्या शल्यविशारदाची फी देण्याची ऐपत घरात नव्हती. योगायोगाने एका नामांकित अस्थिशल्यविशारदाची नजर या मुलावर पडली. आपल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी, एवढ्या अटीवर त्यांनी विनामूल्य उपचार करण्याची तयारी दर्शवली. पाय वाचला.

डग्लस यांनी त्या डॉक्टरांचे ऋण कधी नाकारले नाही. मात्र मोठेपणी त्यांच्या मनात राहिली ती कृतज्ञतेबरोबरची एक बोच. तो डॉक्टर त्या दिवशी त्या वॉर्डातून गेला नसता तर? शेजारच्या खाटेवरच्या मुलाला तसा डॉक्टर भेटला नसेल तर? श्रीमंताच्या मुलाचा पाय पैशाने वाचतो आणि गरिबाच्या मुलाचा नशिबाने, ही व्यवस्था त्यांना मान्य होईना. दानाची निंदा त्यांनी केली नाही. दान ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांची मोजदाद त्यांनी मांडली.

सन १९३० मध्ये ते सस्कॅचवान प्रांतातील वेबर्न या गावी बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक झाले. हा गव्हाचा मुलूख. त्या दशकात गव्हाचे भाव कोसळले, पाठोपाठ वर्षानुवर्षे अवर्षण पडले आणि शेतांवरची माती वाऱ्याबरोबर उडून गेली. वेळेवर डॉक्टर मिळाला नाही किंवा त्याला देण्यास पैसे नव्हते, एवढ्याच कारणाने मेलेल्या तरुणांचे अंत्यविधी धर्मोपदेशक या नात्याने त्यांना करावे लागले. याच अनुभवाने त्यांना राजकारणात ओढले.

तथापि, सस्कॅचवानचा कायदा एका माणसाच्या डोक्यातून एकाएकी उतरला, असे समजणे चुकीचे ठरेल. त्याच्या मुळाशी शेतकऱ्यांची सहकाराची सवय होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण पंचायतीने गावचा एकुलता एक डॉक्टर गाव सोडून जाऊ नये म्हणून जमिनीवरील करातून त्याला वार्षिक रक्कम देण्यास सुरुवात केली. पाहता पाहता अनेक पंचायतींनी तोच मार्ग धरला. दोन-चार पंचायती मिळून एक रुग्णालय बांधू लागल्या. १९२९ पासून क्षयरोगाचा उपचार प्रांतभर विनामूल्य झाला. ज्यांनी महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने आणि दूधसंघ उभे राहताना पाहिले आहेत, त्यांना या माणसांचे मन समजणे अवघड जाऊ नये.

१९४४ साली डग्लस प्रांताचे प्रमुख झाले आणि लगेच त्यांनी आरोग्याची पाहणी करण्यासाठी हेन्री सिगेरिस्ट यांना बोलावले. मूळचे स्विस असलेले हे विद्वान अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकशास्त्राच्या इतिहासाचे प्राध्यापक होते. काही आठवड्यांत प्रांतभर फिरून त्यांनी अहवाल दिला. हे सिगेरिस्ट त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात आले ते सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीला सल्ला देण्यासाठी. भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व त्या अहवालाच्या पायाशी आहे. एकाच अभ्यासकाचा सल्ला दोन देशांना जवळजवळ एकाच वेळी मिळाला. एकाने हळूहळू का होईना, तो कायद्यात उतरवला. दुसऱ्याकडे तो अहवाल बराच काळ गौरवाने उल्लेखिला जात राहिला.

सस्कॅचवानने घाई केली नाही. १ जानेवारी १९४७ पासून रुग्णालयातील उपचारांचा विमा सर्वांना लागू झाला. माणशी वर्षाला ५ डॉलर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त ३० डॉलर अशी वर्गणी, बाकीचा भार प्रांताच्या तिजोरीवर. डॉक्टरांच्या फीचा विमा मात्र पैशाअभावी लांबणीवर पडला. १९५८ मध्ये केंद्र सरकारने रुग्णालयांच्या खर्चाचा वाटा उचलण्यास सुरुवात केल्यावर प्रांताचा पैसा मोकळा झाला. तेव्हा, म्हणजे १९५९ च्या डिसेंबरात, डग्लस यांनी नभोवाणीवरून योजना जाहीर केली. खर्चाची तजवीज आधीच झालेली असावी, योजना सर्वांसाठी असावी, सेवेचा दर्जा उत्तम असावा, कारभार सार्वजनिक असावा आणि सेवा देणारा व घेणारा अशा दोघांनाही ती मान्य असावी, ही त्यांची सूत्रे होती. यांतील अखेरचे सूत्रच पुढे सर्वांत अवघड ठरले.

विधेयकाचा गाभा सोपा होता. रोग्याने आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडे जावे. डॉक्टरने बिल रोग्याला न देता सार्वजनिक विमा आयोगाला पाठवावे. आयोगाने कर आणि वर्गणीतून जमलेल्या निधीतून ते चुकते करावे. डॉक्टरचा दवाखाना त्याचा त्याचाच राहणार होता. तरीही डॉक्टरांच्या संघटनेने १९६० च्या निवडणुकीत या योजनेविरुद्ध आपल्या सभासदांकडून निधी गोळा करून जोरदार प्रचार केला. डग्लस यांचा पक्ष निवडून आला. नोव्हेंबर १९६१ मध्ये विधेयक संमत झाले. तोवर डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले होते आणि वुड्रो लॉइड प्रांतप्रमुख झाले होते.

१ जुलै १९६२ रोजी कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. काही ठरावीक रुग्णालयांतच तातडीची सेवा चालू होती. पहिल्याच दिवशी, डॉक्टरच्या शोधात गाडी घेऊन निघालेल्या एका दांपत्याचे तान्हे मूल वाटेत दगावले. त्या वार्तेने सारा देश हादरला. ‘आमचे डॉक्टर वाचवा’ अशा समित्या निघाल्या, सरकारविरुद्ध भिंती रंगल्या. शेजाऱ्याशी शेजारी बोलेनासा झाला. दुसरीकडे काही गावांतील नागरिकांनी वर्गणी काढून सहकारी दवाखाने उघडले आणि ब्रिटनमधून आलेल्या डॉक्टरांना तेथे बसवले. ११ जुलै रोजी राजधानी रेजायना येथे विधानभवनासमोर विरोधकांचा विराट मेळावा भरणार होता. प्रत्यक्षात जमलेले लोक अपेक्षेच्या मानाने फारच थोडे होते. तेथून वारे फिरले.

डॉक्टरांना या प्रकरणात सरसकट खलनायक ठरवणे अनेकान्ताचा संस्कार असलेल्या श्रोत्यांना शोभणार नाही. त्यांतील कित्येकांनी दुष्काळाच्या वर्षांत धान्याच्या पोत्यांवर किंवा उधारीवर उपचार केले होते. आज बिल देणारे सरकार उद्या औषध कोणते द्यावे हेही ठरवील, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. सरकारी कारभाराचा अनुभव असलेल्या कोणाच्याही मनात ती येईल. अखेर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या उभारणीशी संबंधित असलेले, स्वतः डॉक्टर असलेले लॉर्ड टेलर मध्यस्थीला आले. दोन्ही पक्ष समोरासमोर बसले की भांडतात हे पाहून ते दोघांमध्ये निरोप नेत-आणत राहिले, आणि २३ जुलै रोजी सस्कटून येथे करार झाला. योजनेबाहेर राहून व्यवसाय करण्याची मुभा डॉक्टरांना मिळाली. विमा मात्र सर्वांना लागू राहिला.

साठ वर्षांनंतर, मार्च २०२३ मध्ये, राजस्थान विधानसभेने आरोग्याच्या हक्काचे विधेयक संमत केले तेव्हा तेथील खाजगी डॉक्टरांनीही सुमारे दोन आठवडे काम बंद ठेवले होते आणि तोही प्रश्न अखेर वाटाघाटींनीच मिटला. आणीबाणीच्या प्रसंगी रोग्याकडून आगाऊ पैसे न घेता उपचार करावेत, तर त्याची भरपाई कोण आणि केव्हा करणार, हा तेथील वादाचा एक मुख्य मुद्दा होता. सस्कॅचवानच्या विधेयकाने भरपाईची यंत्रणा आधी उभारली होती, तरीही संप झाला; जेथे ती यंत्रणा पुरती स्पष्ट नसते तेथे डॉक्टरांचा संशय वाढला तर नवल नाही.

या लढ्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नोंद घेतली पाहिजे. जून १९६२ च्या राष्ट्रीय निवडणुकीत डग्लस स्वतः रेजायनातून पराभूत झाले. १९६४ मध्ये लॉइड यांचे सरकार पडले. परंतु नव्या सरकारने विमा योजना रद्द केली नाही. लोकांनी ती दोन वर्षे वापरली होती, आणि आजारपणात खिशाकडे न पाहण्याची सवय एकदा लागली की ती काढून घेण्याचे धाडस कोणताही पक्ष सहसा करत नाही. त्याच वर्षी न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने देशभर अशीच योजना असावी अशी शिफारस केली. या आयोगाची मागणी खुद्द डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने केली होती. शिफारस विरुद्ध दिशेने येईल, अशी तिची अपेक्षा होती! डिसेंबर १९६६ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय सेवा कायदा १७७ विरुद्ध २ मतांनी संमत झाला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात सामील झाले. पुढे काही डॉक्टर विम्याच्या वर जादा पैसे घेऊ लागले, तेव्हा १९८४ च्या कायद्याने त्यालाही लगाम घातला. २००४ साली तेथील राष्ट्रीय प्रसारण संस्थेने घेतलेल्या कौलात प्रेक्षकांनी सर्वश्रेष्ठ कॅनेडियन म्हणून डग्लस यांची निवड केली.

येथे दान आणि कायदा यांतील भेद नेमका दिसतो. औषधदान रोग्याला मिळते. असा कायदा निरोगी माणसालाही काही देतो: उद्या आजारी पडलो तर घर विकावे लागणार नाही, ही निश्चिंती. अभयदानाचा शास्त्रातील अर्थ जीवरक्षणाचा आहे आणि तो ताणू नये. परंतु भय दूर करणे हेही देणेच आहे, आणि ते एकेका दात्याच्या हातून घडण्यासारखे नाही. त्यासाठी सगळ्यांनी मिळून, आधीच, थोडे थोडे द्यावे लागते. शिवाय त्यात घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, कारण तोही देणाऱ्यांतलाच एक असतो. कायद्याने समाजाची करुणा आटते, असा आक्षेप घेतला जातो. सस्कॅचवानचा इतिहास तरी तसे सांगत नाही. तेथे वर्गणी काढून दवाखाने उघडणारे लोक कायद्याच्याच बाजूचे होते.

कॅनडाची व्यवस्था निर्दोष मात्र नाही. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया किंवा तज्ज्ञाची भेट यांसाठी तेथे महिनोन्‌महिने थांबावे लागते, ही तक्रार जुनी आहे. त्याहून मोठी उणीव वेगळीच आहे, आणि औषधदानाची परंपरा सांगणाऱ्या समाजाला ती चटकन जाणवेल. रुग्णालय विम्यात आले, डॉक्टर विम्यात आला; रुग्णालयाबाहेर घ्यावयाचे औषध मात्र देशव्यापी कायद्याबाहेर राहिले. डॉक्टर फुकट तपासणार आणि चिठ्ठी हातात पडल्यावर औषधविक्रेत्याला पैसे मोजायचे! हॉल आयोगाने १९६४ मध्येच औषधांचा समावेश सुचवला होता. त्या दिशेने राष्ट्रीय कायदा झाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि त्यातही पहिल्या टप्प्यात मधुमेहाची व गर्भनिरोधाची औषधे एवढीच घेतली गेली.

भारतातील योजनांचा साचाही याच बाबतीत तोकडा आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया त्यात बसते. रोजची रक्तदाबाची गोळी बसत नाही. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरच्या औषधांचा खर्च १५ दिवसांपर्यंत योजनेतून होतो. सोळाव्या दिवशी तोच रोगी हातात चिठ्ठी घेऊन निघतो, आणि पुष्कळ गावांत त्याची पावले धर्मार्थ दवाखान्याकडेच वळतात.