एका गोळींतील दोन औषधें

राजापूर तालुक्यांत अंगदुखी ही कांहीं नवी पाहुणी नव्हे. चिरेखाणींत जांभ्याचे चिरे उचलणारा मजूर, साखरी नाट्याचा जाळें ओढणारा मच्छीमार, चैत्र-वैशाखांत हापूसच्या कलमावरून आंबे उतरविणारा गडी आणि लावणीच्या दिवसांत चिखलांत वांकून राहणारी शेतकरीण, या सर्वांच्या पाठीला आणि गुडघ्यांना तिची ओळख आहे. उन्हाळे गांवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर स्नान केल्यानें सांधे मोकळे होतात, या श्रद्धेनें माणसें पिढ्यान्‌पिढ्या तेथें जात आलीं आहेत. ऊन पाण्याचा शेक सुखकर असतो यांत शंका नाहीं. परंतु मोडलेलें हाड, शस्त्रक्रियेची ताजी जखम किंवा कर्करोगाची वेदना एवढ्यानें शमत नाहीं. अशा वेळीं डॉक्टर जी गोळी लिहून देतात, तिच्यांत पुष्कळदां एक सोडून दोन औषधें असतात. तिला सोयीसाठीं जोडगोळी म्हणावें.

या दोहोंतील एक पॅरासिटामॉल. ताप उतरविणारें व साधी वेदना कमी करणारें हें औषध घरोघर ठाऊक आहे. दुसरें ट्रामाडॉल किंवा कोडीन. हें अफूच्या कुळांतील. कोडीन हें अफूंतच सांपडणारें द्रव्य असून रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें तें १८३२ सालीं वेगळें केलें. ट्रामाडॉल कारखान्यांत बनतें, पण मेंदूंतील त्याचें कार्य पुष्कळसें त्याच मार्गानें चालतें. दोन औषधें एकत्र करण्यांत युक्ति आहे. दोहोंचे मार्ग निराळे असल्यामुळें प्रत्येकाची मात्रा थोडी ठेवूनही वेदना अधिक शमते. मात्र या जोडीमुळें धोकाही दुहेरी होतो. एक औषध यकृताला जपून घ्यावें लागतें, दुसरें श्वासाला जपून. आणि दोन्ही एकाच गोळींत असल्यानें एक वाढविलें कीं दुसरें आपोआप वाढतें.

प्रथम पॅरासिटामॉलचा हिशेब पाहावा. तो शाळेंतल्या बेरजेइतकाच सोपा आहे. प्रचलित जोडगोळींत ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतें. निरोगी प्रौढ माणसास चोवीस तासांत पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम. वृद्ध, कृश, यकृताचा विकार असलेला किंवा नित्य मद्य घेणारा यांची मर्यादा याहून कमी असूं शकते, आणि ती डॉक्टरांनींच ठरवावयाची. समजा, एका गृहस्थास डॉक्टरांनीं जोडगोळ्या दोन-दोन करून दिवसांतून तीन वेळां दिल्या. सहा गोळ्यांतील पॅरासिटामॉल झालें १,९५० मिलिग्रॅम. त्याच दिवशीं अंगांत कणकण भासली म्हणून त्यानें घरांतली ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी चार वेळां घेतली. तें झालें २,६०० मिलिग्रॅम. बेरीज ४,५५०. दोन्ही पाकिटांवरील नांवें निराळीं, म्हणून एकच औषध दोन वाटांनीं पोटांत गेलें हें त्या गृहस्थास कळलेंच नाहीं. सर्दीपडशावरील पुष्कळशा तयार औषधांतही पॅरासिटामॉल असतें. याकरितां पाकिटावरील मोठ्या अक्षरांतल्या व्यापारी नांवावर न थांबतां खालीं बारीक अक्षरांत छापलेलीं द्रव्यांचीं नांवें वाचावीं. वाचतां न आल्यास दोन्ही पाकिटें औषधविक्रेत्यापुढें ठेवून विचारावें. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें जानेवारी २०११ मध्यें चिठ्ठीवर मिळणाऱ्या अशा जोडगोळ्यांतील पॅरासिटामॉल दर गोळीस ३२५ मिलिग्रॅमपर्यंतच ठेवण्यास कारखानदारांस सांगितलें, तें यकृताच्या याच भयामुळें.

दुसऱ्या औषधाचा हिशेब श्वासाचा. अफूच्या कुळांतील औषध वेदनेची जाणीव मंद करतें, तसेंच श्वास चालविणाऱ्या मेंदूंतील केंद्रासही मंद करतें. नेमलेल्या मात्रेंत तें बहुतेकांस सोसतें. पण त्यावर दारू, झोपेची गोळी किंवा चिंतेवरील गोळी पडली कीं सर्वांची गुंगी एकत्र येते आणि झोपेंतच श्वास मंदावतो. ट्रामाडॉलनें कांहींना झटकेही येतात. म्हणून ज्यास फेफरें आहे, अथवा ज्याच्या उदासीनतेवर गोळ्या चालू आहेत, त्यानें तें डॉक्टरांस आधींच सांगितलें पाहिजे. दमा, झोपेंत श्वास अडकणें, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आणि गर्भारपण यांविषयींही असेंच. गोळी अंगावर कशी येते हें कळेपर्यंत मोटारसायकल घेऊन महामार्गावर जाऊं नये, होडींत चढूं नये, आणि कलमावर तर मुळींच चढूं नये. म्हाताऱ्या माणसानें रात्रीं उठतांना कोणाचा तरी हात धरावा.

मुलांविषयीं तडजोड नाहीं. गिरण्यांच्या काळीं मुंबईच्या चाळींत आया कामावर जातांना तान्ह्या मुलांस अफूच्या बारीक गोळ्या देत. त्यांस बाळागोळी म्हणत. रत्नागिरी जिल्ह्यांतून त्या गिरण्यांत गेलेलीं कुटुंबें पुष्कळ होतीं. मूल रडत नसे, आईची पाळी भरत असे. पण ती झोप कधीं कधीं कायमची ठरे. त्या आयांपुढें दुसरा मार्ग नव्हता. आजच्या आईपुढें आहे. कोडीन व ट्रामाडॉल यांचें यकृतांत अधिक तीव्र द्रव्यांत रूपांतर होतें, आणि कांहीं जणांत तें इतक्या वेगानें होतें कीं साधी मात्राही विषासारखी ठरते. म्हणूनच अमेरिकेंत २०१७ सालीं बारा वर्षांखालील मुलांच्या वेदनेवर हीं औषधें वर्ज्य ठरविलीं गेलीं, आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनींही तीं घेऊं नयेत असें बजावण्यांत आलें.

आपल्या देशांतही कायद्यानें या औषधांवर नजर ठेविली आहे. मार्च २०१४ पासून अमलांत आलेल्या एच-१ परिशिष्टांत कोडीन व ट्रामाडॉल यांचीं नांवें आहेत. विक्रेत्यानें रुग्णाचें, डॉक्टरांचें व औषधाचें नांव आणि दिलेला आंकडा वेगळ्या वहींत नोंदून ती तीन वर्षें जपावयाची असते. एप्रिल २०१८ मध्यें ट्रामाडॉल १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखालीं आलें. ओळखीचा दुकानदार चिठ्ठीवांचून गोळी देत नाहीं म्हणून रागावणारानें हें ध्यानांत घ्यावें.

परंतु दुकानाची वही घराच्या उंबऱ्याशीं थांबते. गणपतीस येणारा चाकरमानी आईसाठीं मुंबईहून औषधांची पिशवी आणतो. तिचें दुखणें उतरतें, गोळ्या उरतात. पुढें शेजारच्या तात्यांची कंबर धरते. "वहिनी, तुमची ती गोळी द्या पाहूं एक," असें तात्या म्हणतात, आणि त्यांस रिकाम्या हातीं पाठविणें त्या माउलीच्या जिवावर येतें. पण ती गोळी डॉक्टरांनीं तिचें वय, तिचे विकार व तिचीं इतर औषधें पाहून दिलेली असते. तात्यांना रात्रीं दोन घोट घेण्याची संवय आहे कीं नाहीं, हें तिला ठाऊक नसतें. येथें नकार देणें हाच शेजारधर्म होय. गोळ्या मुलांच्या हातीं न लागतील अशा कुलपांत ठेवाव्या. पावसाळ्यांत अर्जुना-कोदवलीचें पाणी बाजारपेठेंत शिरण्यापूर्वींच चिठ्ठीवरील औषध आणून ठेवावें, म्हणजे दुसऱ्याची गोळी मागण्याची पाळी येत नाहीं. उरलेल्या गोळ्या कचऱ्यांत टाकूं नयेत. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनें २०२५ सालीं, शौचकूपांत पाण्यानें वाहून टाकावयाच्या औषधांची जी यादी दिली, तिच्यांत ट्रामाडॉल आहे.

घेण्याचे नियम थोडे आहेत. दोन मात्रांमधील नेमलेलें अंतर वेदना वाढली म्हणून कमी करूं नये. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळीं दुप्पट घेऊं नये. बद्धकोष्ठ होतो, त्यावर काय घ्यावें हें पहिल्याच दिवशीं विचारावें. औषध कांहीं आठवडे चालल्यास शरीरास त्याची संवय जडते. मग एकाएकीं सोडल्यास घाम, अस्वस्थता, निद्रानाश व जुलाब होतात. असा माणूस व्यसनी झाला असें नव्हे. त्यानें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मात्रा हळूहळू उतरवावी. वेदना नसतांही मन गोळीकडे ओढूं लागलें तर मात्र लपवूं नये. व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ हा सरकारी दूरध्वनि क्रमांक विनामूल्य आहे.

हांका मारूनही माणूस नीट जागा होत नाहीं, श्वास संथ वा घरघरता आहे, ओठ निळसर आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, अशीं चिन्हें दिसतांच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास कुशीवर निजवावें, तोंडांत कॉफी, लिंबू कांहींही घालूं नये आणि गोळ्यांचें पाकीट सोबत न्यावें. श्वास मंदावण्यावर नॅलोक्सोन व पॅरासिटामॉलच्या विषावर ॲसिटिलसिस्टीन असे दोन उतारे आहेत. दुसरा उतारा पहिल्या आठ तासांत मिळाल्यास सर्वांत गुणकारी. यकृताची हानि एक-दोन दिवस उघड होत नाहीं. म्हणून "अजून तर कांहीं झालें नाहीं" असें म्हणत घरीं बसूं नये.

इतकें ऐकून कोणी या गोळीलाच घाबरेल, तर तेंही योग्य नव्हे. कर्करोगानें तळमळणाऱ्या वृद्धाला "संवय लागेल" म्हणून औषधावांचून ठेवणें ही दया नव्हे. वेदनेनें पीडलेल्यांस अशीं आवश्यक औषधें सुलभपणें मिळावीं म्हणूनच संसदेनें २०१४ सालीं अमली पदार्थांच्या कायद्यांत दुरुस्ती केली. ज्याच्यासाठीं लिहिली त्यानेंच, लिहिली तेवढीच आणि लिहिले तितकेच दिवस गोळी घ्यावी, व घरांतील प्रत्येक दुसऱ्या पाकिटावर पॅरासिटामॉलचें नांव आहे काय तें पाहावें. एवढें सांभाळलें तर मोडल्या हाडाच्या माणसास रात्रीची झोप मिळेल आणि सकाळीं तो सुखरूप जागाही होईल.