शनिवारचा पाहुणा

आमच्या लहानपणी घरी दर शनिवारी रात्री एक पाहुणा यायचा. तो म्हणजे आमचे वडील.

कर्जतहून खोपोलीकडे रेल्वेचा जो फाटा जातो, त्यावर केळवली स्टेशनजवळ आमचं गाव. वडील लालबागला गिरणीत कामाला. एका खोलीत दहा-बारा गाववाले, जेवायला खानावळ. शनिवारची पाळी सुटली की ते दादरला कर्जत लोकल पकडायचे. कर्जतला खोपोलीची गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर रुळांच्या कडेकडेनं पायी. आई अंघोळीचं पाणी तापवून ठेवायची आणि ते येईपर्यंत स्वतः जेवायची नाही. रविवार सगळा वडिलांचा. कोंबडी कापली तर रविवारी, वालाचं बिरडं रविवारी, पोरांनी आवाज न करता खेळायचं तेही रविवारीच. सोमवारी पहाटे ते गेले की घर पुन्हा आईचं व्हायचं.

कर्जत-खालापूरकडच्या कितीतरी घरांत तेव्हा हीच रीत होती. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटलं ते १९८२ साली. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि शनिवारचा माणूस मंगळवारी, बुधवारीसुद्धा घरात दिसायला लागला. वडील ओटीवर पेपर घेऊन बसायचे. मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारायचं तर लाज वाटायची. आईही अवघडलेली. बावीस वर्षं पाहुणचार करायची सवय, नवऱ्याला काम सांगायचं कसं हे तिला कुठे माहीत होतं?

हे सगळं मी विसरूनही गेलो होतो. आठवलं ते २००४ साली, हॉलंडमध्ये. कारण तेव्हा तसा पाहुणा व्हायची पाळी माझ्यावर आली.

माझी बायको कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. डच सरकारची शिष्यवृत्ती मिळून ती त्या सप्टेंबरात एन्स्खेडे या गावी दीड वर्षाच्या शिक्षणासाठी गेली. (यातला 'ख' घशातून खरवडून काढायचा असतो. मला तो शेवटपर्यंत जमला नाही.) तिथे आयटीसी नावाची संस्था आहे. १९५० साली ती डेल्फ्टला सुरू झाली, पुढे १९७१ मध्ये एन्स्खेडेला आली. विमानातून आणि उपग्रहांवरून घेतलेल्या छायाचित्रांवरून जमिनीचे नकाशे कसे करायचे, हे तिथे आशिया-आफ्रिकेतून आलेल्या लोकांना शिकवतात. बायकोचा विषय दरडींचा. बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला दरड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे माझ्या आईवडिलांनीही विषय लगेच मान्य केला. नातेवाइकांनी मात्र विचारायचं ते विचारलंच. सहा वर्षांचा मुलगा मागे ठेवून बाई जाते आणि नवरा गप्प बसतो, म्हणजे काय?

खरं सांगायचं तर मी गप्प बसलो नव्हतो. मी तिला जा म्हणालो होतो, आणि आपण जा म्हणालो याचा मला मोठा अभिमान होता. तो चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. नोव्हेंबरात एका यंत्राच्या प्रशिक्षणासाठी कंपनीनं मला तीन आठवडे जर्मनीत डॉर्टमुंडला पाठवलं. नकाशा पाहिला तर डॉर्टमुंडहून एन्स्खेडेला थेट गाडी! डिझेलवर चालणारी छोटीशी गाडी ग्रोनाऊ नावाच्या स्टेशनानंतर सरहद्द ओलांडते आणि दोनेक तासांत तिकडे पोचवते. आमच्या वडिलांना लालबागहून घरी यायला याहून जास्त वेळ लागत असे. निघताना आईनं बॅगेत किलोभर कडवे वाल भरले. वडील एवढंच म्हणाले, "तिच्याकडे जाशील तेव्हा खाऊन जा. गेल्या गेल्या जेवायला मागू नको."

मी न खाताच गेलो.

शुक्रवारी रात्री आठला गाडी पोचली. स्टेशनवर ती नव्हती. सोमवारी तिला एक नकाशा आणि अहवाल द्यायचा होता, म्हणून ती प्रयोगशाळेत होती. खोलीची किल्ली खाली काउंटरवर ठेवते, असं तिनं आधीच कळवलं होतं. खोली आपल्याकडच्या स्वयंपाकघराएवढी. पलंग, टेबल, मुलाचा फोटो, भिंतीवर वेळापत्रक. शनिवारच्या रकान्यात तिनं लाल पेननं माझं नाव लिहिलं होतं, आणि त्याच रकान्यात खाली 'अहवाल'.

मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात एक इथिओपियाचा गृहस्थ कांदा चिरत होता. मी कोण ते कळल्यावर त्यानं उठून हात मिळवला आणि तुमच्या पत्नीमुळेच मी संख्याशास्त्रात पास झालो म्हणाला. खोपोलीत तिला माझ्या नावानं ओळखतात. इथे मी तिचा नवरा होतो. ऐकायला बरं वाटलं आणि थोडं लागलंही.

ती साडेनऊला आली. डोळे लाल. मी पोटात भूक आणि डोक्यात राग घेऊन बसलेला. तोंडून निघून गेलं, "दोन दिवसांसाठी माणूस येतो, तेवढंही जमत नाही?"

वाक्य माझं, पण आवाज वडिलांचा होता. मला तो ओळखू आला.

ती चिडली नाही. पर्स खाली ठेवत म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून चार रात्री जागले. तरी संपलं नाही. आता तुम्हीच सांगा, तुमच्याशी बोलू की ते संपवू?" मग ती दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी असल्यासारखी पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही आलात की मला घर आठवतं. घर आठवलं की पोरगं आठवतं. मग हातातलं काम होत नाही. हे तुम्हाला फोनवर कसं सांगणार होते मी?"

त्या रात्री आम्ही पावाला जॅम लावून खाल्ला. झोपण्याआधी तिनं वाल भिजत घातले.

शनिवारी सकाळीच ती प्रयोगशाळेत गेली. टेबलावर तिनं घरून नेलेलं एकच मराठी पुस्तक होतं, श्री. ज. जोशी यांचं 'आनंदी गोपाळ'. कॉलेजात असताना वाचलेलं. तेव्हा मी आनंदीबाईंसाठी हळहळलो होतो. या वेळी गोपाळराव वाचले.

गोपाळराव पोस्टातले नोकर. कल्याणहून त्यांची बदली अलिबागला झाली होती, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात. बायकोनं शिकावं हा त्यांचा ध्यास, आणि तो ते लहान मुलीला मारून पुरा करायचे. एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदीबाई एकटी कलकत्त्याहून बोटीत बसली. जूनमध्ये अमेरिकेला पोचली आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाली. गोपाळराव मागे राहिले आणि पत्रं लिहीत राहिले. कधी कौतुकाची, कधी संशयाची. थंडीसाठी तिनं नऊवारी सोडून गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, तर त्याचाही खुलासा तिला करावा लागला. १८८५ साली ते स्वतःच अमेरिकेत गेले. तिकडे गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांनी त्याच अमेरिकेवर टीकेची झोड उठवली. ज्या लोकांच्या आसऱ्यानं बायको शिकत होती, त्यांच्याच देशात! ११ मार्च १८८६ ला तिला पदवी मिळाली तेव्हा ते हजर होते, पंडिता रमाबाईही होत्या. त्याच वर्षी दोघं परतली. तिला क्षय झाला होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मुंबईहून पुण्याला नेताना तिची गाडी आमच्या कर्जतवरूनच घाट चढली असणार.

गोपाळरावांना झोडपणं सोपं आहे. ते नसते तर ती बोटीत बसलीच नसती. पण मला त्या सकाळी वाटलं, की तिला पाठवण्याचं धाडस त्यांच्याजवळ होतं, तिच्याकडे पाहुणा म्हणून जाण्याची तयारी नव्हती. ती आता आपल्याशिवाय दिवस काढते, तिची माणसं वेगळी, तिच्या खुर्चीत आपण बसायचं ते विचारून, हे त्यांना सोसलं नसावं. मला तरी कुठे सोसलं होतं? मी फक्त दोन तास आगगाडीत बसून आलो होतो.

पुस्तक मिटलं आणि भाकरी-बिकरी काही येत नसली तरी भांडी घासता येतात, म्हणून आदल्या रात्रीची भांडी घासली. कपडे धुण्याचं यंत्र कसं चालतं ते इथिओपियाच्या गृहस्थाला विचारलं. मग शनिवारच्या बाजारात जाऊन कांदे, लसूण आणि खोबऱ्याचा कीस आणला. हे एन्स्खेडेही एकेकाळी कापडगिरण्यांचं गाव होतं, त्या गिरण्याही बंद पडल्या, हे नंतर कळलं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

वालांचा प्रश्न निराळाच झाला. उपसून फडक्यात बांधले, पण त्या थंडीत मोड येणार कुठून? शेवटी ती पुरचुंडी खोलीतल्या हीटरवर ठेवली. बायको रात्री आली आणि दारातूनच हसली. खोलीभर कडव्या वालांचा वास सुटला होता. दोन महिन्यांत ती अशी हसली नसेल, असं मला वाटलं. खरं तर ते मला कसं कळणार?

रविवारी अहवाल दुपारी पुरा झाला. मोड अर्धवटच आलेले. स्वयंपाकघरात आम्ही दोघं, तो इथिओपियाचा गृहस्थ आणि एक नेपाळी मुलगी, असे चौघं वाल सोलत बसलो. दाणा चिमटीत दाबला की सालातून सटकतो, हा प्रकार त्या दोघांना फार आवडला. एक दाणा थेट खिडकीवर आपटला. बिरडं तयार झालं तेव्हा माझ्या गाडीला चाळीस मिनिटं राहिली होती. आम्ही दोघं नीट असं बोललो ते स्टेशनपर्यंत चालताना, तेवढंच. मुलाच्या शाळेबद्दल, आणि पुढच्या शनिवारी मी यावं की येऊ नये याबद्दल. ती म्हणाली, "या. पण शनिवारी दुपारी या, शुक्रवारी नको." मी शनिवारी दुपारी गेलो, खाऊन.

मार्च २००६ मध्ये ती परत आली. मुलगा साडेसात वर्षांचा झालेला, तो आधी आजीच्या मागे लपला. आई तिला बसल्या जागी चहा द्यायची, ताट वाढून आणायची, कशाला हात लावू द्यायची नाही. सून अवघडून ओटीवर बसायची, वडील बसायचे तिथेच. कोण कुणाला काय काम सांगणार?

तिसऱ्या रविवारी आईनं मोड आलेल्या वालांची परात तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "बसलीयस तर हे सोल."