जुने दप्तर आणि संगणकातील गाठोडे

(संस्थेच्या शाळांतील शिक्षक व कार्यालयीन सेवकांसमोर केलेले भाषण)



मोठ्या फाईली लहान करून जपाव्या कशा, पाठवाव्या कशा आणि त्यासाठी कोणता प्रोग्राम निवडावा, हा आजचा विषय वरकरणी रुक्ष आहे. परंतु त्याच्या मुळाशी आपल्या शाळांचे जनरल रजिस्टर आहे. आखातात नोकरीला निघालेला तरुण असो की पेन्शनचे कागद जुळविणारे वृद्ध गृहस्थ असोत, जन्मतारखेच्या पुराव्यासाठी ते शाळेच्याच दारात येतात. कोकणातील पाऊस, दमट हवा आणि वाळवी कागदाला सोडीत नाहीत. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून रजिस्टरे स्कॅन करून ठेवणे अगत्याचे आहे.

आता हिशेब पाहू. ए-फोर आकाराचे एक पान 300 डीपीआयने रंगीत स्कॅन केले, तर मूळ स्वरूपात ते सुमारे 26 एमबी भरते. 200 पानांचे रजिस्टर म्हणजे 5 जीबीहून अधिक. जीमेलवर एका पत्रासोबत 25 एमबीपर्यंतच फाईल जोडता येते. म्हणजे असे एक पानही जाणार नाही.

फाईल लहान करण्याचे दोन मार्ग आहेत. जेपेग चित्रातला काही तपशील कायमचा टाकून देते. तो पुन्हा मिळत नाही. झिपसारखे प्रकार मात्र काहीही टाकीत नाहीत. विद्यार्थ्यांच्या यादीत ‘जि. रत्नागिरी’ हे शब्द 500 वेळा आले, तर ते एकदा लिहून पुढे ‘मागे पाहा’ अशी खूण करावी, तसा हा प्रकार. ही युक्ती याकोब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी 1977 साली मांडली. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल: जेपेग आधीच आवळलेले असते, ते झिप करून फारसे लहान होत नाही. तेव्हा जपणुकीची प्रत तपशील न गाळता ठेवावी आणि पाठविण्यासाठी वेगळी जेपेग किंवा पीडीएफ प्रत काढावी.

राहिला निवडीचा प्रश्न. झिप 1989 साली फिल कॅट्झ यांनी आणले. त्याची रचना सर्वांना खुली असून विंडोजमध्ये ते वेगळा प्रोग्राम न घालता उघडते. रार उघडणे फुकट असले तरी ते बनविणाऱ्या विनरारचा परवाना विकत घ्यावा लागतो. इगोर पाव्हलोव्ह यांचा सेव्हन-झिप 1999 पासून विनामूल्य मिळतो. त्याचे ‘सेव्हन-झेड’ गाठोडे बहुधा झिपहून लहान होते. मात्र त्यात अनेक फाईली एकत्र गुंफल्या जातात. एका जागी बिघाड झाला तर शेजारच्या फाईलीही जाण्याची भीती असते. झिपमध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्र आवळली जाते.

तात्पर्य, जपून ठेवायचे ते झिपमध्ये ठेवावे आणि ते सेव्हन-झिप प्रोग्रामनेच बनवावे. पाठवायचे असेल तेव्हा सेव्हन-झेड चालेल. त्याचे ठराविक आकाराचे तुकडेही पाडता येतात. थोडी जागा वाचविण्यापेक्षा पन्नास वर्षांनी गाठोडे उघडणे महत्त्वाचे.

आणखी चार गोष्टी सांगतो. जुन्या झिप प्रोग्रामांत उर्दू वा मराठी फाईलनावे दुसऱ्या संगणकावर विचित्र दिसतात. म्हणून नावे इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत द्यावीत. मुलांची खासगी माहिती पाठविताना एईएस-256 पद्धतीचा पासवर्ड घालावा आणि तो फोनवरून वेगळा कळवावा. तो हरवला तर कुलूप कोणी उघडू शकणार नाही, म्हणून जपणुकीच्या प्रतीला पासवर्ड नको. गाठोडे बांधल्यावर सेव्हन-झिपमधील ‘टेस्ट’ची आज्ञा देऊन ते तपासावे, त्यापूर्वी मूळ फाईल पुसू नये. आणि तीन प्रती कराव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी.

मूळ रजिस्टर मात्र स्कॅन झाले म्हणून रद्दीत जाऊ नये. दाखला मागणाऱ्याला ‘पान सापडत नाही’ असे सांगण्याची पाळी आपल्या कोणत्याही शाळेवर येऊ नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.